रंध्याची हजेरी

तर तो सोफा काही केल्या दारातून आत जाईना, इथवर काल आलो होतो. वकीलसाहेबांचं घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि दाराबाहेर हे दोघे घामाघूम. सांगाडा रंध्याने केलेला, त्यावर काथ्या, फोम, कापड चढवलेलं त्याच्या दोस्ताने, उशीने. दोघांचंही काम बावनकशी. फक्त दाराची रुंदी कोणीच मोजली नव्हती. रंध्याला वाटलं उशीने मोजली असेल, उशीला वाटलं रंध्याने. आणि सोफा दारात असा रुतून बसला की ना आत, ना बाहेर. वकीलसाहेब पलीकडून ओरडताहेत, "अहो, मी कोर्टात जाऊ कसा?" शेवटी बिचारे काळा कोट सावरत, गुडघ्यांवर रांगत सोफ्यावरून बाहेर आले आणि जाता जाता म्हणाले, "मऊ मात्र झालाय हो." ते खाली उतरल्यावर हे दोघे जिन्यात बसून असे हसले की खालच्या आजीबाई कोण रडतंय म्हणून बघायला वर आल्या.

अशी ती जोडी. रंधा म्हणजे सुतार, हे वेगळं सांगायला नको. उशी म्हणजे सोफेवाला. अंगाने काडीपैलवान, फुंकर मारली तर कापसासारखा उडेल असा, म्हणूनच शाळेतल्या मित्रांनी त्याला उशी म्हणायला सुरुवात केली. पुढे तो खरंच उशा-गाद्यांच्या धंद्यात पडला आणि नाव कायमचं चिकटलं. सोफेवाल्याची कामाची तऱ्हा अशी, की बारीक खिळे मूठभर तोंडात धरायचे, जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीला चिकटवायचा आणि ठोकायचा. डावा हात कापड ताणायला मोकळा राहतो. पण तोंड कुठे मोकळं? त्यामुळे उशी गिऱ्हाइकाशी बोलायचा तो फक्त 'हं' आणि 'हंहं' एवढंच. त्याची बायको, असेपर्यंत, म्हणायची, "मला बघायला आले तेव्हासुद्धा तोंडात खिळे असावेत. विचारलं, पसंत आहे का, तर म्हणाले हं."

दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून. मधल्या भिंतीत रंध्याने एक मोठी खिडकी पाडून घेतली होती. इकडे सांगाडा तयार झाला की खिडकीतून पलीकडे. निम्मं आयुष्य त्या खिडकीतून गेलं म्हणा ना. सांगाडे गेले, चहाचे कप गेले, शिव्या गेल्या, एकाच्या पोरीच्या लग्नाची बोलणी आणि दुसऱ्याच्या बायकोचं आजारपण, सगळं त्या चौकटीतून.

मग गेल्या वर्षी एक दिवस रंध्याने खुर्चीचा सांगाडा खिडकीतून दिला, आणि थोड्या वेळाने डोकं घालून विचारलं, "कोणाचं रे हे काम? छान केलंय."

उशीला वाटलं, चेष्टा करतोय. तो तोंडातल्या खिळ्यांसकट हसला. रंधा मात्र हसला नाही. पुढे घराचा रस्ता चुकणं आलं, करवत कुठे ठेवली म्हणून दिवसभर शोधणं आलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि रंध्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. दुकानाला कुलूप लागलं. खिडकीला रंध्याच्या मुलाने पलीकडून फळी मारली. उशी खिडकीकडे तोंड करून काम करायचा तो आता भिंतीकडे पाठ करून बसू लागला.

अशात डोस आला. डोस म्हणजे कंपाउंडर. जन्म दवाखान्यात पुड्या बांधण्यात गेला, पण रुबाब मोठ्या डॉक्टरांचा. शाळेतल्या सगळ्या मित्रांनी मिळून सहलीला जायचं, डोंगरात तळ्याकाठी एक बंगला घ्यायचा, आठवडाभर राहायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. लहान बस ठरवलेली, कोण कुठे बसणार तेही ठरवलेलं.

"रंध्याला न्यायचं," उशी म्हणाला.

"न्यायचंच आहे रे. पण वहिनी सोडतील?"

वहिनींनी आधी साफ नाही म्हटलं. उशी रोज संध्याकाळी जाऊन बसू लागला. बोलायचा नाही, नुसता बसायचा. शेवटी त्याच कंटाळल्या.

"भाऊजी, तुम्ही म्हणताय म्हणून पाठवते. डोसभाऊजींच्या भरवशावर मी घरचं मांजरसुद्धा पाठवणार नाही."

"मी आहे ना," उशी म्हणाला.

"कधीकधी जरा गोंधळतात, एवढंच. बाकी काही त्रास नाही त्यांचा." हे म्हणताना त्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या. "पण नजरेआड करू नका. जिथे गाडी थांबेल तिथून मला फोन. तेवढं कबूल करा, मग मी बहिणीकडे जाऊन जरा पडते. वर्ष झालं, सलग झोप म्हणून माहीत नाही मला."

उशीने कबूल केलं. मोजून दोन शब्द बोलणारा माणूस, पण त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे वहिनींना ठाऊक होतं. त्याला स्वतःलाही ठाऊक होतं, आणि घोळ तिथेच होता. ज्याला आपल्या शब्दाचा भरवसा असतो तो दुसऱ्यांदा वळून बघत नाही.

निघायच्या दिवशी पहाटे बस दाराशी आली. डोसच्या गळ्यात शिट्टी. "शिट्टी कशाला रे गाढवा?" "शिस्त!" एकाने पिशवीभर बिस्किटं आणलेली, दुसऱ्याने स्वतःची उशी आणलेली, त्यावरून सोफेवाल्याची थट्टा झाली. "बघ, तुझ्या भावाला आणलंय." वहिनींनी रंध्याच्या अंगावर शाल घातली, खिशात रुमाल कोंबला आणि त्याचा हात उचलून उशीच्या हातात दिला, जसा शाळेत पहिल्या दिवशी पोराचा हात देतात. रंधा म्हणाला, "अगं, मी काय लहान आहे?" सगळे हसले. वहिनी सोडून.

उशीने त्याला मागच्या लांबलचक सीटवर निजवलं आणि स्वतः त्याच्या पुढच्या सीटवर बसला. आदल्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. जबाबदारी अशी असते बघा, जेव्हा झोपायचं तेव्हा झोपू देत नाही आणि जागायचं तेव्हा डोळे मिटवते.

उजाडायच्या सुमाराला हमरस्त्यालगतच्या एका हॉटेलाशी गाडी थांबली. समोर मोठं अंगण, आणखी दोन-तीन बसगाड्या उभ्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. उशीने रंध्याला हाताला धरून उतरवलं, मोरीवर नेलं, चहा पाजला, बिस्किट बुडवून दिलं आणि परत आणून सीटवर निजवलं. पायांवर शाल टाकली. वहिनींना फोन केला, "चहा झाला. झोपलाय." बाकीची मंडळी अजून बाहेर पान, तपकीर, गप्पा यांत रंगली होती. उशीने म्हटलं, जरा डोकं टेकावं. टेकलं, आणि जे व्हायचं ते झालं.

सगळे चढले. डोसने शिट्टी फुंकली आणि दारात उभं राहून आपल्या जुन्या मास्तरांचा आवाज काढला. मास्तर नाकात बोलायचे. "सावधान! हजेरी! एकेकाने नाव घेताच उत्तर द्यावे, दोनदा देऊ नये!" बस खिदळायला लागली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रंध्याचा बाप सुतार, अतिशय कडक. सकाळी एवढ्या फळ्या रंधून झाल्याशिवाय पोराला शाळेत सोडायचा नाही. त्यामुळे रंधा पहिल्या तासाला कधीच वेळेवर आला नाही. आणि गैरहजेरी लागली की बापाकडून वेगळा मार. तेव्हा उशीने एक युक्ती काढली होती. मास्तर खाली मान घालून नाव पुकारत. रंध्याचं नाव आलं की उशी हनुवटी छातीला लावून, आवाज घोगरा करून म्हणायचा, "हजर!" मग आपलं नाव आलं की पातळ आवाजात पुन्हा, "हजर!" सगळ्या वर्गाला ठाऊक. मास्तरांनाही ठाऊक असावं, पण ते फळ्या रंधून आलेल्या हातांवरचे फोड बघत असावेत. शाळा संपेपर्यंत हे चाललं. एकदा तर रंधा वेळेवर आला होता, आणि तरी उशीने सवयीने उत्तर दिलं, आणि मास्तर म्हणाले, "आज दोन-दोन सुतार?"

तर डोसने नाकातून पुकारलं, "चिल्लर!" बँकेत कॅशियर होता तो म्हणाला, "हजर!" असं करत करत, "रंधा!"

आणि मागून घोगरा आवाज आला, "हजर!"

"सर्व हजर! चला, पुढे!" बस निघाली.

उशीला जाग आली ती ऊन तोंडावर आल्यावर. रस्ता चढणीला लागला होता. मान वळवून बघतो तर मागच्या सीटवर शाल तशीच, खाली अंगाचा उंचवटा. त्याने शाल नीट करायला हात घातला. आता हा माणूस जन्मभर कापडाखाली काय भरलंय ते हाताने ओळखणारा. तळहात टेकताच त्याला कळलं, आत माणूस नाही. पिशवी होती. रंध्याची कपड्यांची पिशवी.

"रंधा?" तो म्हणाला. मग मोठ्याने, "रंधा! ए, रंधा पुढे आहे का?"

पुढे नव्हता. सीटखाली बघितलं, म्हातारा माणूस सीटखाली मावेल का, तरी बघितलं. चिल्लरने शहाणपणा करून रंध्याला फोन लावला, आणि फोन वाजला तो शालीखाली, त्या पिशवीत. कोणी तो बंद करीना. वाजून वाजून आपोआप थांबला.

"अरे, पण हजेरी झाली!" डोस ओरडला. "मी स्वतः घेतली! रंधा 'हजर' म्हणाला, मी माझ्या या कानांनी ऐकलं!"

हळूहळू, एकेक करून, सगळ्यांच्या माना उशीकडे वळल्या. कारण तो घोगरा आवाज सगळ्यांच्याच ओळखीचा होता.

उशीलाही आता आठवत होतं. पूर्ण नाही, स्वप्नातलं आठवतं तसं. मास्तर पुकारताहेत, बाकावर शेजारची जागा रिकामी आहे, आणि रंध्याला मार बसू नये म्हणून आपण हनुवटी छातीला लावतो आहोत.

"मी म्हणालो," तो म्हणाला.

"तू?" डोसने गळ्यातली शिट्टी उतरवली. "अरे, साठी उलटली तुझी! अजून त्याच्या हजेऱ्या लावतोस?"

"गाडी फिरवा," उशी गाडीवाल्याला म्हणाला.

गाडीवाला भला माणूस, पण रस्त्याच्या मधोमध दुभाजक. "काका, वळायला पुढे पुलापर्यंत जावं लागेल." म्हणजे ज्याला मागे टाकलं त्याच्यापासून आणखी लांब जायचं. उशी गाडीवाल्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि दांडा धरून राहिला. बस म्हटलं तरी बसेना. हॉटेलाचा नंबर कोणाकडे नव्हता. पाटीवर काय लिहिलं होतं हेसुद्धा कोणाला आठवेना. चहा चांगला होता एवढं मात्र सगळ्यांना आठवत होतं.

त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र. हॉटेलासमोर तो रस्ता, त्यावरून भरधाव जाणारे ट्रक, आणि पलीकडे जायला निघालेला रंधा. का निघालेला? त्याला काय कारण लागतं आता? घरी जायचंय, दुकान उघडायचंय, बाप वाट बघतोय. मध्येच त्याला वाटे, कोणी हात धरला असेल. मग वाटे, कोणी कशाला धरेल? चांगल्या कपड्यातला, दाढी केलेला माणूस. तो हरवलाय हे बघणाऱ्याला कळणार कसं?

तेवढ्यात उशीच्या खिशातला फोन वाजला. वहिनी.

"घेऊ नकोस," डोस म्हणाला. "सापडू दे आधी."

फोन हातात धडधडत राहिला, एखादा पक्षी धरावा तसा. उशीने घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वहिनींची हाक ऐकून न ऐकल्यासारखी केली.

हॉटेल आलं. बस पुरती थांबायच्या आधीच उशी उतरला आणि या वयात, त्या काड्यांच्या पायांनी, धावत सुटला. मोरीत बघितलं, भटारखान्यात बघितलं, शालवाला माणूस दिसला का म्हणून गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "शाल-बिल आम्ही नाही बघितली." शाल तर गाडीत होती! उशीला सांगता येईना की कसा दिसतो. ज्याचं तोंड लहानपणापासून बघितलं त्याचं वर्णन काय करायचं?

तेवढ्यात अंगणाच्या टोकाला उभ्या असलेल्या पांढऱ्या बसमधून एका बाईंनी हाक मारली. उंच, धिप्पाड, कमरेवर हात. निवृत्त मेट्रन होत्या. इस्पितळातली जुनी मंडळी आपापली बिऱ्हाडं घेऊन सहलीला निघाली होती, आणि गाडीची सूत्रं यांच्या हातात.

"तुमचं माणूस हरवलंय का हो? आमच्याकडे एक जास्त भरलंय."

झालं होतं असं. रंधा जागा झाला, अंगावरची शाल पिशवीवर टाकून लघवीला म्हणून पुन्हा उतरला, आणि परत येताना पांढऱ्या बसमध्ये चढला. कुठल्याही. आत सगळ्यांना नमस्कार करून बसला. हिला वाटलं हे तिचे मेहुणे, तिला वाटलं हे हिचे व्याही. कोणीतरी बिस्किटं दिली, कोणीतरी विचारलं काय करता, याने सांगितलं फर्निचर, आणि मग गप्पा अशा रंगल्या की विचारू नका. निघताना मेट्रनबाईंनी बोट दाखवत मुंडकी मोजली, एक जास्त. पुन्हा मोजली, एक जास्तच. आपल्या मंडळींनी नावं पुकारली तर एकही कमी भरलं नव्हतं, आणि इथे बाईंनी डोकी मोजली म्हणून रंधा वाचला.

"तासभर गाडी अडवून ठेवलीय मी," बाई म्हणाल्या. "माझी माणसं वैतागलीत. पण असा पेशंट रस्त्यावर सोडून जाता येतं का? कोण आहे यांच्याबरोबर? कोणाची जबाबदारी?"

"माझी," उशी म्हणाला.

"मग लाज वाटू द्या," बाई म्हणाल्या, आणि बाजूला होऊन वाट दिली.

रंधा खिडकीपाशी बसला होता, शर्टावर बिस्किटाचा चुरा. चेहरा प्रसन्न. उशी पुढे झाला आणि त्याने रंध्याचा हात धरला. "चल रे. चल, आपली गाडी ती."

रंध्याने हात सोडवून घेतला. उद्धटपणे नाही, अदबीने, गिऱ्हाइकाशी वागायचा तसा. वर बघितलं, नीट न्याहाळलं, आणि म्हणाला, "माफ करा, आपण कोण?"

"अरे, मी उशी."

"असं होय," रंधा म्हणाला, आणि मदतीसाठी मेट्रनबाईंकडे बघू लागला.

डोस दारात उभा होता. उशी तिथेच, दोन सीटांच्या मधल्या वाटेत, खाली बसला. रंध्याच्या शर्टावरचा चुरा एकेक करून वेचत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मग रंध्याचा हात त्याच्या डोक्यावर आला.

"ऊठ रे, कपडे मळतील," तो म्हणाला. "आणि तू इतका घामाघूम का झालायस?"

परत गाडीत बसल्यावर डोसला कंठ फुटला. "हे बघा, झालं ते झालं. वहिनींना एक अक्षर कळता कामा नये. कळलं तर त्या बहिणीकडून उठून धावत येतील. जरा सलग झोप मिळावी म्हणूनच गेल्यात ना त्या तिकडे? त्यांच्या भल्यासाठीच म्हणतोय. आणि सहल तर बोंबललीच समजा."

चिल्लरने मान डोलवली. बाकीच्यांनीही. म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं. उशीने ऐकून घेतलं. त्याने रंध्याला या वेळी मागे निजवलं नाही, खिडकीकडे घातला आणि स्वतः वाटेच्या बाजूला बसला, दाराच्या अडसरासारखा. रंधा काचेतून बाहेर बघत होता. कोणालाही सांगता आलं नसतं की तो या घटकेला कुठल्या वर्षात आहे.

फोन पुन्हा वाजला. डोसने ओठांवर बोट ठेवलं. सगळी बस कान टवकारून बसली. उशीने फोन घेतला.

"भाऊजी, मघाशी उचलला का नाहीत?" वहिनींचा आवाज पलीकडून सगळ्यांना ऐकू येत होता. "मी न्याहारीला बसले होते, घास उतरेना. खरं सांगा, ते तुमच्याजवळच आहेत ना?"

उशी म्हणाला, "आता आहे, वहिनी. मघाशी नव्हता. त्याला हॉटेलात टाकून आम्ही पुढे गेलो होतो, आणि चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही, मला झोप लागली होती. लागलंखुपलं काही नाही, दुसऱ्या गाडीत बिस्किटं खात बसला होता. तुम्ही म्हणाल तर आत्ता गाडी वळवतो आणि त्याला दारात आणून सोडतो, तुम्ही शिव्या द्या, मी ऐकून घेतो. नाहीतर पुढे नेतो, पण मग रात्री मी त्याच्या दाराला आडवा झोपेन, आणि तुम्ही तिथून हलायचं नाही. पण आधी मला एक सांगा, वहिनी. त्याने मला ओळखलं नाही. गोंधळतात एवढंच म्हणाला होतात तुम्ही. घरी तुम्हालाही विचारतो का हो तो, आपण कोण म्हणून?"